समोरची खुर्ची

नायब तहसीलदार म्हणून मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत रुजू झालो, तेव्हा मला एक भले मोठे सागवानी टेबल मिळाले. ते वीतभर उंच लाकडी चौथऱ्यावर मांडलेले होते. पलीकडे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मान वर करून बोलावे लागे. मी कुणाशी उद्धटपणे वागलो असेन असे मला वाटत नाही. परंतु समोरचा मनुष्य वाक्य पूर्ण करीत नसे. अर्धे बोलणे, मग हात जोडणे, मग ‘साहब, आप मालिक हैं’.

पुढे चौथऱ्याला वाळवी लागली. डागडुजी होईपर्यंत मी व्हरांड्यातील बाकावर बसून काम केले. तेथे शेजारी टेकलेल्या एका वृद्धेने सहज बोलता बोलता सांगितले की, जमिनीच्या नामांतरणाच्या (महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात) अर्जावरील अंगठा तिचा नव्हताच. याच प्रकरणी ती दोनदा माझ्यासमोर उभी राहिली होती, आणि दोन्ही वेळा मी तिला ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ असे विचारलेही होते.

मग दोष कुणाचा? टेबल मी मांडलेले नव्हते. ज्याला बोलायचे तो कोठेही बोलतो, असेही कुणी म्हणेल. ते मला पटत नाही. ज्यांच्या हाती सत्ता असते त्यांनी बैठकीची मांडणी कधीच क्षुल्लक मानलेली नाही. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात ब्रिटिश कॉमन्सचे सभागृह उद्ध्वस्त झाले. ते अर्धवर्तुळाकार न करता पूर्वीसारखेच समोरासमोरच्या बाकांचे आणि सर्व सभासद मावणार नाहीत इतके लहानच असावे, असा आग्रह चर्चिल यांनी 1943 साली धरला. दाटीवाटीत भाषण न होता संवाद होतो, आणि पक्ष बदलणाऱ्याला मधली मोकळी जागा सर्वांदेखत ओलांडावी लागते, हे ते जाणून होते.

आपल्या घरांचे तरी काय? इंदूरच्या आमच्या जुन्या घरात दिवाणखान्यात गादी-तक्के होते आणि बायका माजघराच्या दाराआडून बोलत. त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. पण स्वयंपाकघरात पाट समोरासमोर मांडले जात. बाहेर दिवसभर हिंदी बोलणारी आम्ही मुले तेथे आजीच्या मराठीत भांडत असू. आता आमचा सोफा दूरदर्शन संचाकडे तोंड करून आहे. नात शेजारीच बसते, उत्तर हिंदीत देते, आणि तिचा चेहरा मला एका बाजूनेच दिसतो.

त्या वृद्धेचे प्रकरण मी पुन्हा चौकशीला घेतले. डागडुजी संपल्यावर मात्र मी आत गेलो. चौथरा उरला नव्हता, टेबल तेच होते. तो बाक आत मागवावा असे मनात आले होते. पण बाकावर बसून दिवसाला जेमतेम दहा प्रकरणे होत, टेबलामागे बसून तीस होत. बाक व्हरांड्यातच राहिला.