उलटलेली होडी आणि उद्धाराचा प्रश्न

‘उद्धार’ या शब्दाचा मूळ अर्थ वर उचलून काढणे असा आहे. परंतु धर्मविचारात तो मोक्षवाचक होऊन इतका रुळला की त्यातले पाणी, त्याची खोली आणि बुडणाऱ्याचे वजन यांचा बहुधा विसर पडतो. भगवद्गीतेत हा शब्द दोन अंगांनी येतो. सहाव्या अध्यायात जीवाने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा असा आदेश आहे, तर बाराव्या अध्यायात मृत्युमय संसारसागरातून भक्तांना वर काढणारा आपणच आहोत, असे भगवंत सांगतात. मग उद्धारकर्ता नेमका कोण?

या प्रश्नाला उपयोगी पडणारा दृष्टान्त गीतेच्याच दुसऱ्या अध्यायात आहे. भटकणाऱ्या इंद्रियांमागे गेलेले मन, पाण्यावरच्या नावेला वारा ओढून नेतो तसे प्रज्ञेला ओढून नेते, असे तेथे म्हटले आहे. त्याच श्लोकाच्या विवेचनात ज्ञानेश्वर नाव काठाला लागत असतानाच वादळात सापडते असे चित्र रेखाटतात, म्हणजे टळलेला धोका पुन्हा ओढवतो.

कृष्णा नदीच्या काठी वल्ह्याच्या होडीचीच सवय असल्याने शिडाच्या लहान होडीचे वर्तन थोडे उलगडून सांगणे आवश्यक आहे. वारा पाठीशी असताना शीड बाहेर पसरलेले असते, प्रवास सुखाचा वाटतो, आणि होडीला बाजूला सरकू न देणारी, तळातून पाण्यात उतरणारी फळी, जिला सेंटरबोर्ड म्हणतात, ती गरज नाही म्हणून बरीचशी वर ओढून घेतलेली असते. अशा वेळी वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला लागला, तर शिडाची आडवी काठी झटक्याने पलीकडे जाते आणि तोल जाऊन होडी आडवी होते. नाविकाने तेव्हा होडी सोडून पोहत जायचे नसते. शिडाचा दोर सैल करून, वर ओढलेली फळी पुन्हा पूर्ण बाहेर काढून, नाळ म्हणजे होडीचे पुढचे टोक वाऱ्याकडे वळवून, त्या फळीवर उभे राहून अंगाचा भार मागे टाकायचा असतो. नाळ वळवली नाही, तर उठणाऱ्या शिडाखाली वारा शिरतो आणि होडीला दुसऱ्या बाजूवर पालथी घालतो. वळवली, तर तोच वारा शिडाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो.

येथे नाविकाचा प्रयत्न खरा आहे, त्याच्याऐवजी तो दुसरा कोणी करू शकत नाही. तरीही होडीला तरंगत ठेवणारे बळ त्याच्या स्नायूंतले नसते. ते पाण्याच्या वर ढकलण्याच्या गुणात आणि बांधणाऱ्याने होडीच्या अंगात आधीच बंद करून ठेवलेल्या हवेच्या कप्प्यांत असते. सहावा अध्याय फळीवर उभे राहण्याविषयी बोलतो आणि बारावा त्या आधीच ठेवलेल्या तरणशक्तीविषयी, असे मानले तर दोहोंत विरोध उरत नाही. कृपा ही प्रयत्न संपल्यावर येणारी भर नसून प्रयत्नाला पाय ठेवायला जागा देणारी पूर्वतयारी ठरते.

सातारा जिल्ह्याच्या धार्मिक स्मृतीत या विचाराला एक विलक्षण जोड आहे. समर्थ रामदासांनी अंगापूरजवळच्या कृष्णेच्या डोहातून श्रीरामाची मूर्ती वर काढून ती चाफळला स्थापन केली, अशी परंपरा आहे. तारणारा देवच येथे पाण्यात आहे आणि त्याला वर काढणारे हात माणसाचे आहेत. प्रयत्नाचा आग्रह धरणारा ‘दासबोध’ आणि असहाय होऊन रामाला आळवणारी ‘करुणाष्टके’ एकाच व्यक्तीची आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे समर्थांना केवळ प्रयत्नवादी ठरवणे किती अपुरे आहे ते कळते.

मात्र या दृष्टान्ताची मर्यादा कृष्णेनेच दाखवली आहे. सांगली जिल्ह्यात, येरळा जेथे कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळ गावी, ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरातून ग्रामस्थांना सुरक्षित स्थळी नेणारी होडी उलटली आणि अनेकांचा, त्यांत स्त्रियांचा आणि मुलांचा, जीव गेला. त्यांना उभे राहायला फळी नव्हती. त्यांच्या मृत्यूला प्रयत्नांची उणीव म्हणणे क्रूर आहे आणि प्रारब्ध म्हणून मोकळे होणे त्याहून सोयीचे, म्हणूनच अधिक दोषास्पद आहे. कारण कृपा जर पूर्वतयारीच्या रूपाने येत असेल, तर ती तयारी करणे हा इतरांचा धर्म ठरतो.

बाराव्या अध्यायाचे निरूपण करताना ज्ञानेश्वरांनी देवाला नावाड्याच्या रूपात पाहिले आहे: तो नामांच्या नावा सज्ज करतो, संसारी माणसांना तराफ्यावर घेतो आणि कोणाच्या पोटाला प्रेमाची पेटी, म्हणजे पोहणाऱ्याला तरंगत ठेवणारा आधार, बांधून त्याला काठावर आणतो. कृष्णाकाठच्या प्रवचनकारांनी या ओव्या अवश्य सांगाव्यात, आणि आपल्या गावच्या नावेत प्रत्येक उतारूसाठी एक जीवरक्षक जॅकेट आहे का, हे त्याच बैठकीत श्रोत्यांना विचारावे.