लहान मैदान, लहान देश आणि सुरत

फुटसाल हा पाच-पाच खेळाडूंच्या संघांत, सामान्यतः बंदिस्त सभागृहाच्या कठीण जमिनीवर खेळला जाणारा फुटबॉलचा प्रकार असून 1930 मध्ये उरुग्वेतील माँटेव्हिडिओ येथे हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने त्याची मांडणी केली. त्याचे मैदान साधारण 40 मीटर लांब व 20 मीटर रुंद, म्हणजे पूर्ण फुटबॉल मैदानाच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढे असते. चेंडू कमी उसळतो आणि बाहेर गेलेला चेंडू चार सेकंदांत खेळात आणावा लागतो. अशा अडचणीच्या जागेत चेंडू बुटाच्या तळव्याखाली दाबून थांबवणे, तेवढ्यात मान वर करून सोबत्याची जागा हेरणे आणि प्रतिस्पर्धी अंगावर येण्याआधी तो सोडून देणे ही हालचाल इतक्या वेळा घडते की कोवळ्या वयात ती अंगवळणी पडलेला मुलगा पुढे कोणत्याही मैदानावर गोंधळत नाही.

या खेळाचे सामर्थ्य पाहायचे तर प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांकडे पाहावे. सुमारे सात लाख वस्तीचा हा देश 2008 मध्ये ब्राझीलमधील विश्वचषकात उतरला तेव्हा रशियाने त्याला 31-2 असे हरवले. एवढ्या मानहानीनंतर एखाद्या देशाने नाद सोडला असता तरी कोणी दोष दिला नसता. परंतु तो 2012 मध्ये थायलंडला, 2016 मध्ये कोलंबियाला आणि 2021 मध्ये लिथुआनियाला पुन्हा गेला, आणि 2012 मध्ये ग्वाटेमालाला 4-3 असे नमवून त्याने विश्वचषकातला आपला पहिला विजय मिळवला. 2018 च्या ब्वेनोस आइरेस येथील युवा ऑलिंपिकमध्ये फुटबॉलऐवजी फुटसाल ठेवण्यात आले, तेव्हा मुलांच्या स्पर्धेत याच देशाचा संघ होता आणि मुलींच्या स्पर्धेत त्याहूनही लहान असलेल्या टोंगाचा. लोकसंख्येपेक्षा वर्षानुवर्षे न तुटणारा सराव आणि पुढची पायरी दाखवणारी स्पर्धा या दोन गोष्टींवर राष्ट्रीय संघ उभा राहतो, हे या बेटांनी सिद्ध केले आहे.

भारताचा अनुभव याच्या उलट आहे. 2016 मध्ये प्रीमियर फुटसाल या व्यावसायिक स्पर्धेसाठी रोनाल्डिन्हो, रायन गिग्ज यांच्यासारखे तारे भारतात आले. मात्र राष्ट्रीय महासंघाची मान्यता नसलेली ती स्पर्धा दोन हंगामांनंतर थांबली आणि येथील किशोरांच्या हाती काहीच उरले नाही. महासंघाची क्लब अजिंक्यपद स्पर्धा 2021 मध्ये दिल्लीत सुरू झाली, तर पुरुषांचा राष्ट्रीय संघ 2023 मध्ये प्रथम आशियाई पात्रता फेरीत खेळला. शिखर रचण्याची घाई आणि पायाकडे दुर्लक्ष, असाच हा क्रम दिसतो.

सुरतेच्या संदर्भात ही बाब अधिकच बोचते. 2011 च्या जनगणनेनुसार या महानगरपालिकेच्या हद्दीत 44 लाखांहून अधिक लोक राहत होते, म्हणजे सॉलोमन बेटांच्या सहापट. तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे येत राहिली; उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत त्यांची मुले यंत्रमागांच्या खडखडाटात वाढतात आणि त्यांतील काही महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत शिकतात. या वस्त्यांत पूर्ण फुटबॉल मैदानाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तेथे जमीन मागाला आणि खोलीलाच पुरत नाही. शहरात जागोजाग उभी राहिलेली टर्फ मैदाने ताशी भाड्याने मिळतात, आणि ते भाडे कामगाराच्या मुलाला दररोज परवडणारे नाही.

पण बंदिस्त सभागृहातील खेळ सुरतेला नवे नाहीत. याच शहरातून घडलेला हरमीत देसाई 2018 व 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत टेबल टेनिसच्या सुवर्णविजेत्या भारतीय संघात होता, आणि 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतील टेबल टेनिस येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये झाले. जो आधार त्या खेळाला लाभला तो लिंबायतच्या चौदा वर्षांच्या मुलाला फुटसालमध्ये मिळू नये, याचे समर्थन करता येत नाही. शाळेचे सपाट पटांगण, दोन लहान गोल, संध्याकाळचे दोन तास आणि शाळाशाळांमध्ये वर्षभर चालणारी वयोगटनिहाय साखळी स्पर्धा, एवढी व्यवस्था महापालिकेच्या आवाक्यातली आहे. आणि ती प्रथम या कामगार वस्त्यांतील शाळांपासूनच सुरू व्हायला हवी.