छापील पान ओलांडून

डिजिटल तंत्रज्ञानाने शिक्षण, संस्कृती आणि संवाद यांचे काय केले, या विषयावर पुण्यामुंबईच्या व्यासपीठांवर जी चर्चा चालते, तिच्या मुळाशी एक गृहीत असते : समाज आजवर पुस्तक वाचत होता, आणि आता तो पडद्याकडे पाहू लागला आहे. ज्या मुंबईत ‘दर्पण’ 1832 साली निघाले आणि ज्या पुण्यात नगर वाचन मंदिर 1848 साली उघडले, तेथे हे गृहीत शोभतेही. नांदेड जिल्ह्यातील भोकरसारख्या तालुक्याच्या गावाला मात्र ते लावता येत नाही. छापील अक्षराचे युग येथे पुरते रुजण्यापूर्वीच मोबाइलचे युग दाराशी येऊन ठेपले. आणि म्हणून, वाचनाचा संस्कार अर्धवट असताना हाती आलेल्या या समर्थ साधनाचे करायचे काय, हा येथला खरा प्रश्न आहे.

याची कारणे इतिहासात आहेत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तहसीलदारापासून अव्वल तालुकदारापर्यंतचा कारभार उर्दूतून चाले. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा, त्या काळी अपूर्व असा, प्रयोग केला आणि शास्त्रीय ग्रंथांच्या भाषांतरासाठी स्वतंत्र खातेही काढले. परंतु ती भाषा मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेच्या घरात बोलली जात नव्हती, हे त्या प्रयोगाचे वैगुण्य होय. ‘गश्ती निशाण 53’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमान्वये सार्वजनिक सभेला सरकारची पूर्वपरवानगी लागे. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 साली सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ या पत्रावर बंदी आली की ते नवे नाव धारण करून पुन्हा निघे. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास 1958 साल उजाडावे लागले, आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ झाले ते 1994 साली. छापील मराठी शब्द ज्या प्रदेशात इतक्या सायासाने पोहोचला, तेथे घरोघरी पुस्तकांचे कपाट नसावे, याचा दोष त्या घरांवर ठेवता येणार नाही.

ज्ञानाचे आणि रंजनाचे भांडार येथे मुख्यतः कंठात राहिले. कीर्तन, भारूड, जात्यावरची ओवी, बंजारा तांड्यावरची गाणी यांतून ते एका पिढीकडून दुसरीकडे गेले. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील भोकरच्या आठवडी बाजारात मराठीबरोबर उर्दू आणि तेलुगू ऐकू येते, आणि तांड्यावरून आलेल्या बाया आपसांत आपल्या गोरमाटी बोलीत बोलतात. या गोरमाटीला स्वतंत्र लिपी नाही. जनगणनेच्या कोष्टकात तिची गणना हिंदीच्या पोटात होते. पाठ्यपुस्तकाने जिला जागा दिली नाही आणि छापखान्याने जिची फारशी दखल घेतली नाही, त्या भाषेला व्हॉट्सअॅपच्या ध्वनिसंदेशाने एकाएकी दूरवर जाण्याची सोय करून दिली. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला गेलेली आई रात्री कोपीवरून फोनच्या बटणावर अंगठा दाबून बोलते. पोराने भाकरी खाल्ली का, शेळी बांधली का, शाळेत गेला होता का, हे सारे ती आपल्या बोलीत विचारते. आणि तांड्यावर आजीजवळ राहिलेला मुलगा तो संदेश पुनःपुन्हा ऐकतो. त्या आईला पत्र लिहिता येत नसेल, पण संवादासाठी तिला आता कोणा साक्षराचे आर्जव करावे लागत नाही. तंत्रज्ञानाची ही देणगी थोर आहे, आणि तिला नाके मुरडणाऱ्या सुशिक्षितांनी आधी स्वतःला त्या आईच्या जागी ठेवून पाहावे.

तथापि कानावर पडणाऱ्या शब्दाची एक मर्यादा असते : तो आपल्या गतीने पुढे जातो. छापील मजकुरावर बोट ठेवून वाचकाला थांबता येते, मागचे पान उलटून लेखकाला विसंगतीत पकडता येते, एका ग्रंथाचे विधान दुसऱ्या ग्रंथाशी ताडून पाहता येते. पुढे ढकललेल्या संदेशाला कर्ता नसतो, तारीख नसते आणि जाबही देता येत नाही. पिकावरच्या रोगाचा खात्रीचा इलाज, पोरे पळवणाऱ्या टोळीची आवई आणि सरकारी योजनेची खरी माहिती ही तिन्ही एकाच सुरात, एकाच तासात येतात, आणि त्यांतून निवड करण्याची बुद्धी यंत्र देत नाही. ती बुद्धी सावकाश वाचनानेच येते, आणि वाचनाची सवय लावण्याचे काम शाळेचे.

शाळेत हे तंत्रज्ञान कोणत्या रूपाने आले, हे पाहणे उद्बोधक आहे. मुलांच्या हाती पाटी होऊन येण्याआधी ते गुरुजींच्या माथी दप्तर होऊन आले. विद्यार्थ्यांची माहिती 2015 पासून ‘सरल’वर, शाळेची माहिती ‘यू-डायस’वर, पगाराची ‘शालार्थ’वर, आणि आज किती मुले जेवली हा आकडा पोषण आहाराच्या अॅपवर. द्विशिक्षकी शाळेतील एक गुरुजी रेंज शोधत आवारातल्या लिंबाखाली उभे आहेत, ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे केंद्रप्रमुखांना फोनवर सांगत आहेत, आणि चार इयत्तांची मुले दुसऱ्या गुरुजींपुढे एकाच खोलीत बसली आहेत, हा देखावा ज्याने ग्रामीण शाळा पाहिली आहे त्याला नवा नाही. निजामी दफ्तराची भाषा रयतेला परकी होती; नव्या दफ्तराची भाषा मराठी असली, तरी कागदाची पूर्तता म्हणजेच कामाची पूर्तता ही जुनी कारकुनी समजूत या नव्या पोशाखातही शाबूत आहे.

करोनाच्या साथीने मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा या साधनाची परीक्षा झाली. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून रोजचा अभ्यास फोनवर येई. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागे. या प्रयत्नांना नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण घरात एकच फोन, तोही बापाबरोबर शेतावर किंवा मजुरीवर गेलेला, अशा घरातील मुलीसाठी त्या अभ्यासाचा मार्ग बंदच राहिला. आणि जेथे तो मोकळा होता, तेथेही कोणी गुरुजी पारावर चार मुले गोळा करून बसले तरच शिक्षण झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तोही पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देणाऱ्या एका शिक्षकाला मिळाला. 

परीक्षेच्या क्षेत्रात चित्र वेगळे दिसते. परीक्षांच्या अखंड सरावाच्या ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्याच्या मुलांना गुणवत्ता यादीत नेले आणि न्यूनगंडातून बाहेर काढले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. आता लातूर-नांदेडच्या खोल्यांतील तो सराव फोनवरून भोकरपर्यंत येतो, आणि खोलीभाडे व खाणावळ न परवडणाऱ्या मुलाला त्याचा लाभ होतो. मात्र चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव आणि पाचवा पर्याय सुचण्याची शक्ती यांत अंतर आहे, आणि पडद्यावरचा सराव त्या शक्तीच्या वाट्याला जात नाही.

ही शक्ती कोठून येते, याचे उत्तर नांदेडच्याच भूमीत सापडते. विचारवंत नरहर कुरुंदकर आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांना पदवी उशिरा मिळाली, आणि त्यांची कीर्ती ग्रंथांइतकीच व्याख्यानांवर उभी राहिली. मराठवाड्याची मौखिक परंपरा त्यांच्या वाणीत होती. पण त्या वाणीला अफाट वाचनाचे अधिष्ठान होते, आणि म्हणून ती ऐकणाऱ्याला विचार करायला लावी. फोनमुळे पुन्हा बोलता झालेल्या आपल्या समाजाला नेमके हे अधिष्ठान हवे आहे.

त्यासाठी करण्याच्या गोष्टी साध्या आहेत आणि त्या शासनाच्या आवाक्यातल्या आहेत. माहिती भरण्याचे काम शिक्षकाकडून काढून केंद्रावर एका कारकुनाकडे द्यावे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याची फळे तालुक्याच्या ठिकाणी न थांबता वाडी-तांड्यापर्यंत जावीत. तांड्यावरील म्हाताऱ्यांची गाणी आणि कथा मुलांनी फोनवर ध्वनिमुद्रित कराव्यात, देवनागरीत उतरवाव्यात आणि शाळेने त्या छापाव्यात. तसे झाले तर गोरमाटी बोलणाऱ्या मुलाचे पहिले पुस्तक त्याच्या आजीच्या तोंडचे असेल. वाचकहो, हा अंक वाचून झाल्यावर कपाटात ठेवू नका. जवळच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेला नेऊन द्या.