घरचा संजय

महाभारतातल्या संजयाला पगार किती होता, याचा उल्लेख व्यासांनी केलेला नाही. बँकेतला कारकून असल्यामुळे ही उणीव मला फार जाणवते. कारण तीच नोकरी मी गेली तीन वर्षं सावेडीत, गुलमोहोर रोडवरच्या आमच्या घरी, बिनपगारी करतो आहे. धृतराष्ट्र म्हणजे आमचे अण्णा. (उपमा दृष्टीपुरतीच घ्यावी. 'मग कौरव कोण?' असं हिने विचारून घेतलंच आहे.)

अण्णांच्या नजरेचा मधलाच भाग गेला आहे, कडेचं दिसतं. म्हणून ते माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघतात आणि मला उगाच ते रागावल्यासारखे वाटतात. कानांचं त्याहून चमत्कारिक. म्हातारपणी आधी उंच, बारीक स्वर जातात. स, श, फ असली अक्षरं पोचतच नाहीत आणि ओरडल्याने ती परत येत नाहीत. हे कळेपर्यंत मी वर्षभर ओरडत होतो. तेवढ्यात माझ्या कर्जाचा आकडा अण्णा सोडून सगळ्या कॉलनीला पाठ झाला. आता मी त्यांच्या समोर, उजेड माझ्या तोंडावर पडेल असा बसतो आणि खालच्या आवाजात, सावकाश, स्पष्ट बोलतो.

नोटांचंही तसंच. शंभर, दोनशे, पाचशेच्या नव्या नोटांची रुंदी एकच. लांबीत फरक चार-चार मिलिमीटरचा. जन्मभर बोटांनी नोट ओळखणारे अण्णा आता मी म्हणेन तिला शंभराची मानतात. इतका विश्वास माझ्यावर आमच्या मॅनेजरांनीसुद्धा कधी टाकलेला नाही!

बँकेत या बाबतीत नियम चोख आहेत. दृष्टिहीन खातेदाराला चेकबुक, लॉकर, एटीएम, काहीही नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २००८ साली बजावलं. अशा खातेदाराला पासबुक वाचून दाखवताना, वाईट वाटेल म्हणून मी एखादी नोंद गाळली, तर मला चार्जशीट मिळेल. घरी हेच केलं की त्याला माया म्हणतात.

गेल्या श्रावणात मी ती केली. पेपर वाचताना निधनवार्तांत अण्णांच्या शाळासोबत्याचं नाव दिसलं. एका बाकावर बसलेले दोघं. अण्णांनी नुकताच चहाचा कप उचलला होता. मी तडक कांद्याच्या बाजारभावावर गेलो.

संजयाने असं केलं नाही. भीष्म पडल्याचं त्याने येऊन तोंडावर सांगितलं. व्यास धृतराष्ट्राला दृष्टी देत होते. आप्तांचा संहार बघवणार नाही म्हणून त्याने ती नाकारली, पण ऐकायचं मात्र सगळं होतं. काय बघायचं नाही, हे त्याचं त्याने ठरवलं. अण्णांनी काय ऐकायचं नाही, ते मी ठरवलं, तेही पेपराआडून.

पंधरा दिवसांनी त्या मित्राच्या मुलाचा फोन आला. मी हळूच बोललो. पण हळू आणि स्पष्ट बोलायची सवय मी अण्णांसाठीच लावून घेतलेली! त्यांना शब्दन् शब्द ऐकू गेला.

ते खिडकीकडे बघत बसले. या वेळी खरोखरच रागावले होते.

"दहाव्याला गेलो असतो," बऱ्याच वेळाने म्हणाले. "भिंगार काय लांब आहे?"

"तुम्हाला त्रास होईल असं वाटलं, अण्णा."

"झालाच असता. पण तो माझा होता ना?"

यावर देण्याजोगं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

तेव्हापासून आमचं वाचन निधनवार्तांपासून सुरू होतं. ओळखीचं कोणी नाही म्हटलं, की अण्णा विचारतात, "नक्की?" मग मी पुन्हा वरपासून सगळी नावं वाचतो, वयांसकट.