कलम आणि कोय

उत्तम हापूसची कोय पेरली तर हापूसच उगवेल काय, असे रत्नागिरीच्या एखाद्या बागाईतदारास विचारले, तर तो हसून मान हलवील. कोयीतून येईल तो रायवळ. हापूस हवा असेल तर कलमच बांधले पाहिजे. कलम म्हणजे एका अर्थी जुन्याच झाडाची लांबलेली फांदी. कोय म्हणजे नवा जीव.

हा भेद पडतो कोठे? आंब्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २० जोड्या असतात. बीजपेशी घडण्याच्या वेळी स्पो-११ नावाचे विकर त्या सूत्रांतील डी.एन.ए.चे दोन्ही धागे जागोजाग मुद्दाम तोडते. हे कार्य त्याचेच, हे १९९७ साली यीस्टवरील संशोधनाने उघड झाले. त्याचे भाऊबंद वनस्पतींत आहेत, तसेच मनुष्यातही आहेत. मग आर.ए.डी.-५१ आणि डी.एम.सी.-१ ही प्रथिने तुटल्या टोकांस जोडीदार सूत्रातील जुळता भाग शोधून देतात, आणि त्याच्या आधाराने धागा पुन्हा सांधला जातो. या सांधणीत आजीकडील तुकडा कित्येकदा आजोबांकडील सूत्रास जोडला जातो. सारांश, अपत्य आपल्याहून निराळे निघणे हा अपघात नव्हे. त्यासाठी स्वतंत्र कारागीर नेमलेले आहेत.

आम्हां आईबापांची इच्छा मात्र कलमाची असते. आमचीच रुची, आमचेच आचार मुलांत जसेच्या तसे उतरावेत. फरक पडला की आम्ही त्यास 'बिघडणे' म्हणतो. सृष्टीत घडते ते सारे योग्यच, असे आमचे म्हणणे नाही. रोगराईही सृष्टीतच घडते. शिवाय कलम बांधणाराची बाजू खोटी नाही. हापूसच्या तोडीची कोय क्वचितच निघते, आणि हाती आलेले उत्तम जपणे हेही कर्तव्यच आहे.

परंतु ज्या झाडावरून पहिले कलम निघाले, ते झाड कधी तरी कोयीतूनच उगवले असले पाहिजे. ज्यास आम्ही शुद्ध म्हणून जपतो, तेही एका मिश्रणाचेच फळ! वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' निघाली आणि १९८१ साली बागाईतदारांच्या हाती आली. हापूसला ग्रासणारा साका तिच्यात नाही. हा गुण हापूसची कलमे कितीही बांधली तरी मिळाला नसता.

तथापि नुसते तोडणे म्हणजे नवनिर्मिती नव्हे. जोडणारा नसता तर तुटलेल्या धाग्याने पेशीचा नाशच होता. शेजारी जोडीदार सूत्र असते, म्हणूनच ते तुटणे फलदायी होते. मुले आमच्यापासून तुटणारच. त्या वेळी तुटल्या टोकास आधार देण्यापुरते आम्ही शेजारी उभे असतो, की रागाने दूर सरतो, एवढाच प्रश्न आमच्या हाती उरतो.