आधी थांबता यावे

गिरगावातल्या एखाद्या वाडीत, दादरच्या जुन्या इमारतीच्या आवारात किंवा परळच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली झाकलेली एक गाडी पुष्कळदा दिसते. तिच्या टायरांतली हवा केव्हाच गेलेली असते आणि बॉनेटवर मांजराने बिऱ्हाड केलेले असते. गाडी कोणाची, असे विचारले तर "वडिलांची" असे उत्तर येते. वडील जाऊन बरीच वर्षे लोटलेली असतात. ती चालवणारा घरात कोणी नसतो आणि विकून टाका असे म्हणण्याचा धीरही कोणाला होत नाही. मग केव्हातरी घरातल्या एखाद्या तरुणाच्या मनात येते, ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी. वरवर पाहता ही हौसेची बाब आहे. परंतु जे वारशाने आपल्या हाती आले त्याचे आपण नेमके काय देणे लागतो, हा जुना प्रश्न तिच्या पोटात दडलेला आहे.

मुंबईत अशी गाडी बहुधा फियाट असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचा हा भारतीय अवतार पुढे प्रीमियर पद्मिनी झाला, तरी लोकांच्या तोंडी तो शेवटपर्यंत 'फियाट'च राहिला. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे दारात आलेली गाडी घरातल्या माणसासारखीच वाढे. तिच्यातून तान्ह्या मुलाला बाप्तिस्म्याला नेले जाई, नवरी चर्चच्या दारात उतरे आणि मध्यरात्री शेजाऱ्याला इस्पितळात पोहोचवले जाई. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तर ती साऱ्या शहराची झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची गेली. त्या दिवशी कित्येकांना घरचे कोणी गेल्यासारखे वाटले.

ही हळहळ खोटी नाही. मात्र तिच्या आड एक गैरसमज लपतो. गाडी उभी आहे म्हणजे ती जपली आहे, असे आपण मानतो. वास्तविक, उभे असलेले यंत्र विश्रांती घेत नसते. बॅटरी काही महिन्यांतच निकामी होते. टाकीतले पेट्रोल उडून जाता जाता मागे चिकट राळ ठेवते, आणि ती राळ कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते. सिलिंडरमध्ये गंज धरला की पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटतात. एकाच जागी भार सोसून टायर चपटे पडतात, त्यांच्या रबराला भेगा जातात. उंदीर वायरी कुरतडतात. शिवाय वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बारमाही खारा वारा असलेल्या या शहरात पत्रा आतून सडत राहतो. बंद पडलेल्या गिरण्यांत वर्षानुवर्षे निश्चल राहिलेली यंत्रे अखेर भंगारात जाताना लालबाग-परळने पाहिली आहेत. त्या वस्तीला हे वेगळे सांगायला नको. न वापरता राखणे आणि सांभाळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग गाडी दुरुस्त करायला घेतली, तर आरंभ कोठून करावा? येथेच माणसाच्या मनाची ओढ उघडी पडते. प्रत्येकाला आधी इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो. जाणता मेकॅनिक एकदम सेल्फ मारू देत नाही. तो स्पार्क प्लग काढतो, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून ते मुरू देतो आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहतो. जुने तेल काढून नवे भरतो, टाकी धुऊन काढतो, पेट्रोलचे रबरी पाइप बदलतो. हे पाइप बदलण्याला आता आणखी एक कारण आहे. आपल्या देशाने २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि त्या पिढीचे रबर त्याच्यासाठी बनवलेलेच नव्हते. इतके सारे झाल्यावर एका संध्याकाळी इंजिन धडधडते, निळसर धूर निघतो, गॅलरीत माणसे जमतात आणि आईच्या डोळ्यांत पाणी येते. आता एक चक्कर मारून येऊ, असे कोणीतरी म्हणतोच.

खरी परीक्षा त्या क्षणी असते. गाडी चालू झाली आहे, पण तिला थांबता येते का?

ब्रेकचे पेडल दाबले की पायाचा दाब ब्रेक ऑइलमार्गे चाकांपर्यंत पोहोचतो. हे ऑइल हवेतली आर्द्रता हळूहळू शोषून घेते. डॉट ३ या नेहमीच्या प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. उतारावर वारंवार ब्रेक लावून चाके तापली की ते ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ होऊन खाली जाते. त्याच ओलाव्याने चाकांजवळचे लहान सिलिंडर आतून गंजतात, त्यांतली रबरी वायसरे कडक होतात आणि होज पाइप फुगून बंद होतात. बाहेरून यातले काहीच दिसत नाही. नवा रंग दिलेली, क्रोम चकचकीत केलेली आणि इंजिन गोड वाजणारी गाडी ऐन वेळी थांबणार नाही, असे सहज होऊ शकते. म्हणून समंजस कारागीर क्रम उलटा लावतो. आधी ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि दिवे, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग.

हा क्रम मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. इंजिनाचा आवाज आपल्यासाठी असतो, ब्रेक मात्र दुसऱ्यासाठी असतो. भारतमाता सिनेमासमोर रस्ता ओलांडणाऱ्या बाईने आपल्या वडिलांना कधी पाहिलेले नसते. आपल्या आठवणींत तिचा वाटा नाही. तरीही त्या आठवणी रस्त्यावर आणताना धोक्यातला वाटा मात्र आपण तिला न विचारता देत असतो. प्रेम आपले आणि जोखीम परक्याची, असा व्यवहार कितीही हळव्या भावनेतून झाला तरी तो न्यायाचा नव्हे. आपल्या प्रेमाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागणार नाही एवढी तजवीज करणे, हे त्या प्रेमाचे पहिले कर्तव्य आहे.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. पुढे गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. तृतीय पक्षाचा विमा आणि धुराचा दाखला हेही लागतात. यातला विमा तर नावाप्रमाणेच तिसऱ्या माणसाचा, म्हणजे त्या अनोळखी पादचाऱ्याचा विचार करतो. तथापि तपासणीचा अधिकारी गाडी एका दिवशी पाहतो. आतला पाइप बदलला की नुसता पुसून बसवला, हे मालकालाच ठाऊक असते. जेथे कागदाची नजर पोहोचत नाही, तेथून सदसद्विवेकाचे काम सुरू होते.

यावर कोणी म्हणेल, इतके भाग बदलल्यावर ती वडिलांची गाडी उरली कोठे? प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची कथा सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि ते तेच जहाज राहिले की नाही यावर तत्त्वज्ञ वाद घालत बसले. परिवहन कार्यालय हा वाद चेसिस नंबर पाहून मिटवते. आपण तो जरा निराळ्या तऱ्हेने मिटवू शकतो. वडील ती गाडी चालवत तेव्हाही तिचे टायर, तेल आणि रबर बदलतच होते. त्यांनी आपल्या हाती दिली ती मुख्यतः काळजी घेण्याची रीत होती. कुजका होज पाइप जपण्यात त्यांची आठवण नाही, तो वेळेवर बदलण्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा खर्च परवडणारा आहे काय? आणि त्या इंजिनाच्या धुराचे काय? मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५ पासून धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाले. त्यापूर्वीच्या गाड्यांना ते नव्हतेच. तेव्हा अशी गाडी रोजच्या कामाला वापरावी, असे कोणी म्हणू नये. वर्षातून मोजक्या दिवशी, नीट निगा राखून ती काढावी, एवढीच मर्यादा योग्य. ज्या घरात मुलांच्या फीचे पैसे काढून ब्रेक बसवावे लागतील, त्या घराने ती बाहेर न काढलेलीच बरी.

अशा वेळी निरोप देणे हाही सन्मानाचाच मार्ग आहे. गाडी नोंदणीकृत केंद्रात रीतसर मोडीत काढण्याची व्यवस्था २०२१ पासून देशात झाली आहे. निगा राखू शकेल अशा हौशी माणसाला ती देऊन टाकता येते. पुनरुज्जीवन आणि निरोप हे दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक आहे तो तिसरा मार्ग, आणि तोच सर्वांत जास्त वापरला जातो. 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत गाडी ताडपत्रीखाली ठेवून द्यायची. खोताच्या वाडीसारख्या अरुंद वस्तीत अशी एक गाडी मुलांची खेळायची जागा अडवते आणि आग लागली तर बंबाची वाटही अडवू शकते. तिच्याखाली साचलेल्या पाण्यात डास वाढतात. निर्णय न घेण्याची किंमत येथेही शेजारीच मोजतो.

वारसा केवळ गाडीच्या रूपाने येत नाही. घरे येतात, रीतिरिवाज येतात, जुनी भांडणेही येतात. त्यांतले पुष्कळसे आपण ताडपत्रीखाली ठेवून देतो आणि त्यालाच निष्ठा म्हणतो. त्यांतले एखादे पुन्हा रस्त्यावर आणावेसे वाटले, तर त्या गाडीचा क्रम लक्षात ठेवावा. ते किती जोमाने धावेल हे मागाहून पाहता येईल. समोर कोणी आले तर ते थांबेल का, हे आधी पाहावे.