टेबलावर पडून राहिलेला अर्ज

आपण कशासाठी जगतो, हा प्रश्न आपल्याला बहुधा दवाखान्यात किंवा कोणाला तरी माती देऊन परतताना पडतो. एरवी सवड कुठे असते? अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाने १९५२ साली याच प्रश्नावर 'इकिरू' हा चित्रपट काढला. इकिरू म्हणजे जगणे.

कांजी वातानाबे हे नगरपालिकेतले एक विभागप्रमुख. जवळजवळ तीस वर्षे रजा न घेता ते कागदांवर शिक्के मारीत आले आहेत. सुरुवातीलाच काही गरीब बायका अर्ज घेऊन येतात. वस्तीत सांडपाण्याचे डबके साचले आहे, ते बुजवून तिथे मुलांसाठी बाग करा, एवढेच त्यांचे मागणे. त्यांना या खात्यातून त्या खात्यात पिटाळले जाते आणि शेवटी त्या पुन्हा पहिल्याच खिडकीपाशी येऊन उभ्या राहतात. (सरकारी कचेरीची पायरी झिजवलेल्यांना हे समजावून सांगायला नको.)

मग वातानाबेंना आपल्याला जठराचा कर्करोग असल्याचे कळते. मुलाला सांगू पाहतात, पण ओठ उघडत नाहीत. बँकेतले पैसे काढून एक रात्र दारू आणि नाचगाण्यात घालवतात, तरी मन रिकामेच. कचेरीतली तोयो नावाची मुलगी नोकरी सोडून खेळण्यांच्या कारखान्यात गेलेली असते. तू एवढी आनंदी कशी, असे ते तिला विचारतात. ती चावीचा ससा टेबलावर ठेवते आणि सांगते, हे बनवताना जपानमधल्या साऱ्या लेकरांशी गट्टी जमल्यासारखे वाटते.

वाचकहो, वातानाबे त्यानंतर ना घर सोडतात, ना नोकरी. ते आपल्याच कचेरीत परत येतात आणि तोच अर्ज बाहेर काढतात. जगण्याचे कारण इतके दिवस त्यांच्याच हाताखालच्या कागदांत होते! ते दिसायला मरणाचाच निरोप यावा लागतो का?

पुढे एकदम त्यांच्या मृत्यूनंतरचा प्रसंग येतो. तसबिरीपुढे बसलेले अधिकारी बागेचे श्रेय उपमहापौरांना देतात. तेवढ्यात वस्तीतल्या बायका येतात, धूप लावून रडतात आणि साहेबांना तिथे बसवेना होते. हळूहळू एकेकाला आठवू लागते : हा आजारी माणूस दारोदार कसा उभा राहायचा, अपमान झाला तरी रागवायला आपल्याजवळ वेळ नाही म्हणायचा. एक पोलीस सांगतो, त्या शेवटच्या रात्री बर्फ पडत असताना ते बागेतल्या झोपाळ्यावर बसून सुखाने गात होते.

एक गोष्ट मला खटकते. परक्या लेकरांसाठी एवढे झिजलेल्या बापाला पोटच्या मुलाशी मोकळे बोलता आले नाही. वडिलांना आपला आजार ठाऊक होता, हे मुलाला त्या दिवसापर्यंत माहीतच नसते. कुरोसावांनी हा सल तसाच ठेवला आहे. बाग झाली म्हणून घर भरले, असे ते दाखवीत नाहीत.

दारूच्या भरात सहकारी शपथा घेतात की आम्हीही असेच काम करू. पुढे कचेरीत पुन्हा एक तक्रार येते आणि ती दुसऱ्या खात्याकडे धाडली जाते. एक कारकून ताडकन उभा राहतो. सगळे त्याच्याकडे बघतात. तो गुपचूप खाली बसतो. संध्याकाळी घरी जाताना तो पुलावर थांबतो. खाली बागेत मुले झोके घेत असतात.